आबांची हाडं आणि शेळीचं दूध

मी लीड्सला निघाले त्या सकाळी आटपाडीकडच्या आमच्या वस्तीवर कोणी रडलं नाही. विट्याला जाणारी वडापची जीप रस्त्याला येऊन उभी राहिली, ड्रायव्हरनं माझी मोठी सूटकेस टपावर टाकून दोरीनं आवळली, आणि आई त्या दोरीकडे बघत म्हणाली, "नीट बांधली न्हाई त्येनं." आबांनी पुढं होऊन गाठ सोडली आणि आपल्या पद्धतीनं पुन्हा मारली. घोड्याच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड बांधण्यात ज्यांची हयात गेली त्यांच्यापुढे एक सूटकेस ती काय! मग त्यांनी मला एवढंच सांगितलं, "मुक्कामाला आदी पानी बघ, मग जागा." इंग्लंडात पाण्याला तोटा नाही हे मला माहीत होतं, तरी मी मान हलवली.

न रडण्याचं कारण साधं होतं. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. घर सोडणं ही आमच्यात बातमीच नव्हे. दिवाळी झाली की मेंढरं, घोडं, कुत्री, कोंबड्या असा सगळा संसार कृष्णाकाठच्या रानांकडे चालू पडायचा. लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवत बसवत जायचं आणि पाऊसकाळ जवळ आला की माघारी फिरायचं. गेलेलं माणूस परत येणारच, ही आईची समजूत. लीड्स तिच्या लेखी कऱ्हाडाच्या जरा पलीकडे होतं.

तुम्ही वस्तीवर राहिलेले, आणि तुम्ही माझ्यासारखे पुण्यात, दुबईत, कुठे कुठे जाऊन बसलेले, तुम्हां सगळ्यांना एक सांगायचं राहून गेलं होतं म्हणून हे लिहिते आहे. यात माझी फजिती आहे, हे आधीच कबूल करते.

जाण्याआधी मी मिरजेत एका लॅबमध्ये नोकरीला होते. आबांची मूत्रपिंडं बिघडताहेत, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय हे आमच्या घरात सगळ्यांत आधी मलाच कळलं, कारण तो नमुना मीच मशिनला लावला होता. वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं ब्लडप्रेशर, आणि चालून चालून दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी खाल्लेल्या गोळ्या. डॉक्टर म्हणाले, कधी ना कधी डायलिसिस लागणार. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की शिकायचं तर याच दुखण्यावर. तरुण होते, वाटायचं शिकलं म्हणजे वडील वाचतात.

लीड्समध्ये मी पॅराथायरॉइडवर पीएचडीचं संशोधन करते. गळ्यात, थायरॉइडच्या पाठीमागं, मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातल्या कॅल्शियमवर त्यांची नजर असते. ते कमी पडलं की त्या पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात आणि ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. धडधाकट माणसात हे काम गुपचूप चालतं. पण मूत्रपिंडं थकली की फॉस्फरस अंगातच साठत जातो, कॅल्शियम उतरतं, आणि या ग्रंथी मग थांबायचं नावच घेत नाहीत. हाडं आतून पोखरत जातात. हे मी एकदा व्हिडिओ कॉलवर आबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी रगात हाडाचं खातंय."

"व्हय आबा."

"खाऊ दे की. घरातलंच हाय."

आमचे फोन असेच असायचे. एका रविवारी मी शहराबाहेरच्या टेकडीवर गेले होते, तिथली पाठीवर निळा रंग लावलेली मेंढरं त्यांना दाखवली. त्यांनी विचारलं, "राखणीला कोण हाय?" म्हटलं, कोणी नाही, नुसत्या दगडी भिंती आहेत. आबा तुच्छतेनं म्हणाले, "मग ती मेंढरं न्हवंत, पावणं हायत."

मी गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा विट्याला जायचं, चार तास सुईला बांधून पडायचं, ग्लानीत परत यायचं. ज्या माणसानं उन्हाळ्याचा एक महिनाही कधी एका जागी काढला नव्हता त्याला आता वस्ती सोडता येईना. कळप माझा भाऊ बिरू न्यायला लागला. मी दूर गेलेली आणि आबा घरात बसलेले, हे उलटं चित्र मला फार लागायचं.

बिरू दर महिन्याला रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. फॉस्फरस काही केल्या खाली येईना. पीटीएच चढतच राहिलं. आबांची हाडं ठणकायला लागली, अंगाला खाज सुटली. मी फोनवर बजावायची, "आबा, फॉस्फरस कमी करा. गोळ्या जेवतानाच घ्या, नंतर न्हाई." ते म्हणायचे, "व्हय, व्हय." मग एक दिवस साधं करडू उचलताना त्यांचं मनगट मोडलं. करडू! जे हात आख्खा एडका खांद्यावर घ्यायचे ते.

मला त्या मनगटाची भीती नव्हती, पुढच्या हाडाची होती. अशा हाडांचा माणूस पडला आणि खुबा मोडला तर पुष्कळदा परत उभा राहत नाही, हे मी माझ्याच प्रबंधात लिहिलं होतं. आणि आबांची इच्छा एकच उरली होती. बिरूला ते सारखं म्हणायचे, "एकदा मला मेंढरांसंगं जाऊ दे रं. लांब न्हाई, पयल्या वड्यापत्तुर." तेवढं तरी त्यांना चालता यावं म्हणून मी तीन आठवड्यांची रजा घेऊन आले.

मनात संशय होता की ते फॉस्फरस अडवणाऱ्या गोळ्या टाळतात. म्हणून पहिले तीन दिवस मी पोलिसासारखी त्यांच्या ताटासमोर बसले. ते घासाबरोबर गोळी चावायचे, माझ्याकडे बघून चावायचे. चहा कोराच प्यायचे. मला काही कळेना.

चौथ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमारास मी वाड्याच्या मागं गेले, म्हणजे काटेरी कुंपणाच्या मेंढवाड्याच्या मागं. आबा शेळीजवळ उकिडवे बसले होते. हातात तांब्या होता आणि मिशीला फेस होता. मला बघून त्यांनी तांब्या पाठीमागं लपवला. माझे आबा, ज्यांना बघून अख्खा कळप उभा राहायचा, ते पाठीमागं तांब्या लपवत होते.

"आबा, दूध?"

मागून आई आली आणि तिनंच सांगून टाकलं. "आगं, हाडं लय दुखत्यात म्हणून मी ती शेळी त्यास्नी राखून ठिवलीया. आदी सकाळचंच देत हुते. मनगट मोडल्यापसनं दोन येळचं देतीया."

माझा आवाज चढला. "डायलिसिस सेंटरच्या कागदावर लिवलंय की दूध कमी करा म्हणून! बिरूनं वाचलं न्हाई?"

"वाचलं की," आबा म्हणाले. "पर कागदावाल्याला काय म्हाईत? तू शाळंत हुतीस तवा रहिमतपुराकडं एका वावरात आपला मुक्काम हुता. तितं तू धडा वाचून दाखिवलास. दुधात कॅल्शियम आस्तं, त्येनं हाडं घट हुत्यात. माज्या लेकीनं सांगितल्यालं मी सोडू व्हय?"

"पण आता मी फोनवर सांगत हुते न्हवं?"

"तू कवा दूध म्हणालीस? तू फॉस्फरस म्हणालीस. फॉस्फरस मी तोंडात बी घातला न्हाई."

खरं होतं. दुधात फॉस्फरस भरपूर असतो, पण दोन वर्षांच्या फोनमध्ये मी एकदाही 'दूध' म्हटलं नव्हतं. ते सेंटरमध्ये सांगतीलच, असं धरून चालले होते. आणि आता खरं सांगायचं तर थोडं टाळलंही होतं. ज्या घरात पाहुण्याला दुधाशिवाय उठू देत नाहीत, त्या घरच्या मालकाला दूध सोडा म्हणायचं मला जड जात होतं. फॉस्फरस म्हणणं सोपं होतं. त्यात कोणाचं मन दुखत नव्हतं.

मी रडायला लागले तेव्हा आबाच गांगरले. "आगं रडतीस कशाला? दूध मी पिलो."

मग उरलेल्या दिवसांत मी ते केलं जे दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. आईजवळ चुलीपुढे बसून एकेक जिन्नस हातात घेऊन सांगितलं. दूध औषधासारखं नको, चहात रंगापुरतं. दही वाटीभर नको, चमचाभर. शेंगदाणे बेतानं. आबा दारात बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मग तवा पुस्तकात खोटं लिवलं हुतं?" म्हटलं, खोटं नव्हतं, ज्याची किडनी चांगली त्याला ते आजही खरंच आहे. त्यांना हे उत्तर फारसं पटलं नाही, पण दूध त्याच दिवशी सुटलं. आई मात्र बरेच दिवस त्या शेळीकडे बघून हळहळायची. आपणच नवऱ्याला अपाय केला हे तिच्या मनातून काढायला मला फार बोलावं लागलं. मी सांगितलं, शेळी तू राखलीस, पण धडा मी वाचला होता.

फॉस्फरस तीन-चार महिन्यांत उतरला. पीटीएच हळूहळू उतरतंय, अजून जागेवर नाही. कदाचित त्या ग्रंथींतल्या काही ऑपरेशन करून काढाव्या लागतील. या दिवाळीनंतर डायलिसिस नसलेल्या एका दिवशी आबा कळपासोबत ओढ्यापर्यंत चालत गेले. परत येताना बिरूच्या मोटरसायकलवर मागं बसून आले. मी ते फोनवर पाहिलं, लॅबच्या कॅन्टीनमध्ये, सँडविच हातात धरून. शेजारच्या बाईनं, इथं सगळ्यांनाच लव्ह म्हणतात तसं, विचारलं, ऑल राइट, लव्ह? मी म्हटलं, माय फादर इज वॉकिंग. तिला 'वॉकिंग' एवढंच ऐकू आलं, वाटलं घरातलं बाळ चालायला लागलं.

लॅबच्या मीटिंगमध्ये आता कोणी 'आहारातला फॉस्फेट' म्हणालं की मी विचारते, म्हणजे कोणता पदार्थ? लोक हसतात, मी सोडत नाही.

घर म्हणजे काय, असं इथं मैत्रिणी विचारतात. पूर्वी मी आटपाडीचं नाव सांगायचे. आता वाटतं, जिथं आपण सहज बोललेलं एखादं वाक्य कोणीतरी वीस वर्षं सांभाळून ठेवतं आणि त्याच्यावर स्वतःची हाडं पणाला लावतं, ते घर. अशा जागेपासून लांब राहणं अवघड आहेच, पण मला त्याहून जास्त भीती तिथं काही चुकीचं बोलून जाण्याची वाटते.

गेल्या रविवारी आबांनी विचारलं, "हिरे, तुजं हे आताचं तरी पक्कं हाय का? का आनी धा वर्सांनी ते बी बदलतीस?"

पूर्वीची मी असते तर पक्कं आहे म्हणाले असते. मी म्हटलं, "बदलू शकतं, आबा. आमालाच आजून पुरतं कळल्यालं न्हाई."

मला वाटलं, आता यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला.

"बरं," आबा म्हणाले. "बदललं की आदी मला सांग. तवर मी ह्येच धरून चालतो."