रूपालीचा निरोप्या ठेवणारे वसंतराव सर

सगळ्यांत आधी आला तो निखिल, माझ्या नातीच्या, रूपालीच्या ऑफिसातला. त्याच्या मागं जीपमधून वसंतराव सर उतरले, तशी शेजारच्या जिजीनं ओट्यावरूनच विचारलं, "मुलगी बघायला आले का गं?"

"न्हाई बाई, साहेब आहेत तिचे."

जिजीला पटलं न्हाई. साहेब कुठं जालन्याहून जीपमधी दाटीनं बसून घनसावंगीला येतात का? सरांची अन् माझी ओळख झाली ती अशी. आता त्यांना साठ वर्षं पूर्ण होऊन राह्यली, तर रूपाली म्हणते, आजी, सरांवर पुस्तक काढतोय, त्यात तू बी लिही.

ते का आल्ते ते सांगते. माझी ही नात तेव्हा रुसून घरी बसल्ती. साखर कारखान्यात कोणाचा ऊस किती आला, ते सगळं कम्प्युटरच्या डेटाबेसमधी असतं. त्यातून मागून घ्यायची भाषा निराळी. हिनं मधी ओआरएम नावाचं एक बसवलं. आपण आपल्या रीतीनं सांगायचं, ते त्या भाषेत मागून आणतं. काम जल्दी झालं. पण हंगाम सुरू झाला अन् उसाची यादी उघडेना, शेतकरी खिडकीशी ताटकळले. ऑफिसातले म्हणाले, काढून टाका, ती भाषा पहिल्यासारखी हातानं लिहा. हिनं सांगितलं, ते काढलं तर मी नोकरी सोडते. आमच्या घरातली पहिलीच पोरगी ऑफिसात गेल्ती.

चहा घेताना सर मला म्हणाले, "मावशी, तुमच्या वेळी सून सासऱ्यांशी बोलायची का?"

"कुठलं! नणंद मधी असायची. बाजारातून काय आणायचं ते तिच्या तोंडून मागायचं."

"अन् एकेक जिन्नस मागायला पाठवलं तर?"

"फतकल मारून बसायची. म्हणायची, वहिनी, एकदाच सांग की सगळं."

नणंदबाई जाऊन लई वर्षं झाली. त्या दुपारी सरांमुळं घरात तिचं नाव निघालं, बरं वाटलं.

सर रूपालीकडं वळले. "तुझ्या यादीत हेच होऊन राह्यलंय. दर शेतकऱ्यामागं वेगळी खेप. तुझं ओआरएम असाच एक निरोप्या. तो चांगला आहे, त्याला सगळं एकदम मागायला सांग."

निखिल म्हणाला, "म्हणजे ठेवायचं, सर?"

"रोजच्या कामाला ठेवायचं. हंगामाच्या मोठ्या हिशेबाला मधी कोणी नको, ते हातानंच लिहू. मी शिकवतो हिला."

रूपाली आधी रडली, मंग लॅपटॉप घेऊन आली. दिवस मावळायच्या आत यादी बराबर उघडली. सरांनी भाकरी अन् अंबाडीची भाजी खाल्ली, ताट स्वतः उचललं. ऑफिसात चूक कोणाची होती हे त्यांनी कधी काढलं न्हाई. "आपली यादी सुधारली," एवढंच म्हणाले. हे मला निखिलनं सांगितलं.

परवा सर अन् त्यांच्या मंडळी आल्त्या. सर आता रिटायर होणार, त्यांच्या जागी रूपाली बसणार. नवं काम निघालंय, अन् सवाल परत तोच, मधी निरोप्या ठेवायचा का न्हाई. तिनं विचारलं तर सर म्हणाले, "मी सांगणार न्हाई. तू ठरव. मी नुसता जेवायला येईन."

सरांना भरपूर वर्षं मिळोत, अन् अशी मिळोत की भाकरी दातानं तोडता यावी, झोप गाढ लागावी, दोघांनी एकमेकांशी भांडायला ताकद राहावी. निरोप्याचं काय ते रूपालीनं मंगळवारपर्यंत ठरवायचं आहे. सर बुधवारी जेवायला येतो म्हणून गेलेत.