मॅडमचं नाव काढू का?

आज सकाळी देवपूजा आटोपली आणि ट्रॅव्हल एजंटला फोन करून आमची ब्रिटनीची ट्रिप रद्द करायला सांगितली.

मित्रांनो, तुम्हाला ठाऊकच आहे, या उन्हाळ्यात फ्रान्सच्या त्या किनाऱ्याने मी आणि माझी बायको मीना भाड्याच्या गाडीतून गावोगाव फिरणार होतो. मीना दोन महिन्यांपूर्वी वारली.

कारण ऐकून एजंट म्हणाला, "सर, पूरा कॅन्सल करूँ, या सिर्फ मॅडम का?"

रडूही आलं नाही. ती गेल्यापासून असंच आहे, आत काही हलतच नाही. नंतर सांगतो म्हणून फोन ठेवला.

दुपारी जेवताना मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तिकडे पण आपल्या इथल्या मस्कतसारखं राइट साइडनेच चालवतात. तुम्ही ड्राइव्ह करा, मी रस्ता सांगेन."

"जमेल तुला?"

"आईसारखं ना? हात उजवीकडे आणि तोंडाने डावीकडे?"

मीना अगदी तसंच करायची. मुलगी हसली. मी ताटातला भात संपवला.

हात धुतले, देवाला नमस्कार केला आणि पुन्हा फोन लावला.

"मॅडम का नाम निकालो," मी म्हणालो, "और बेटी का डालो."