माहुलीला दादाला लागलं

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझं कामच तसं आहे. सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन आहे. सकाळी सातपासून लोकांचं रक्त, लघवी, थुंकी, पू... सगळं माझ्या हाताखालून जातं. करणी, नजर, अंगात येणं असलं कुणी बोलायला लागलं की मी सरळ उठून जाते. आणि किळस म्हणाल तर ती मला येतच नाही, असं लॅबमधल्या पोरी म्हणतात. म्हणून पुढचं जरा नीट वाचा. त्या दिवशी मी नदीच्या घाटावर वीस माणसांसमोर ओकले... आणि आजही शेजारी कुणी तूप कढवायला लागलं की मला खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

माझा मोठा भाऊ साताऱ्याला असतो. दादा, वहिनी आणि आमची आई. आईचं वय पंच्याहत्तर. वडील गेल्यापासून ती दादाकडेच आहे — म्हणजे होती. मी दोन-तीन महिन्यांतून एकदा जायचे, एरवी फोन. फोनवर दादाचं एक वाक्य ठरलेलं. "आईला जरा लागलंय गं, बाथरूममध्ये पडली." पुढच्या वेळी, "आईला लागलंय, उंबऱ्याला अडखळली." म्हातारं माणूस, पडायचंच. मीही म्हणायचे, "जपा रे जरा," आणि फोन ठेवायचे.

गेल्या थंडीत एका शनिवारी साताऱ्याला गेले. रविवारी सकाळी आईला आंघोळ मीच घातली. पोलकं काढलं आणि बघते तर डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला चार निळे डाग, ओळीनं. दंडाच्या पलीकडं एक. त्यांच्या खाली तसेच आणखी चार, जुने, पिवळे पडलेले. आता मला काही शिकवायला नको. पडल्यावर मार कोपराला बसतो, गुडघ्याला बसतो, कपाळाला बसतो. दंडाच्या आत बसत नाही.

"आई, हे काय गं?"

"अगं, पडले की मागं."

"दंडावर पडलीस?"

"पाणी गार झालं बघ. घाल लवकर."

चहाच्या वेळी मी दादाला सरळ विचारलं, "आईच्या दंडावर बोटं उठलीत. कुणाची?"

त्यानं कप असा आपटला की बशीला चीर गेली. "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे तिला! उठवायला धरलं तरी निळं होतं. तू दोन महिन्यांनी पाहुणी म्हणून येणार, आयतं जेवणार आणि माझ्यावर संशय घेणार? व्वा!"

वहिनी गॅसकडं तोंड करून उभ्या होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. आणि मी? मी चहा संपवला. गोळीचं खरं आहे, असं मनाला समजावलं, कारण ते खरं असणंच सोयीचं होतं. शी! ते आठवलं की स्वतःचीच घाण वाटते मला.

त्या दिवशी वहिनींनी आमची सगळ्यांची नावं एका वॉकला दिलेली होती. मध्ययुगातली माणसं रोजचं कसं जगायची, ते चालता चालता दाखवतात. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी. साताऱ्यापासून अगदी जवळ. आईलाही न्यायचं ठरलं, गाडी घाटाजवळ जाते म्हणून. तणतणतच निघालो सगळे.

वाट दाखवायला तात्या म्हणून एक साठीचे गृहस्थ होते. फौजेतून रिटायर झालेले, मिशीवाले, गडी एकदम गमत्या. वाटेत त्यांनी जात्यावर दळायला लावलं, बोरूनं मोडी लिहायला लावलं, पाण्यात भोकाचं भांडं तरंगत ठेवून वेळ कशी मोजायचे तेही दाखवलं. लोक खूश होते. आईला आम्ही घाटाच्या पायऱ्यांशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. शेवटचा कार्यक्रम तिथंच होता. तीन दगडांवर एक कढई, खाली न पेटवलेली लाकडं.

"तर मंडळी, आता कोर्टमार्शल!" तात्या म्हणाले. "तवा पोलीस न्हाई, वकील न्हाई. दोघं भांडत आले आन् साक्षीदार न्हाई, की चला संगमावर दिव्य करायला. आदल्या दिशी नखं काढायची, हात धुवायचे, पिशवी बांधून सील ठोकायचं. सकाळी कढईत तूप आन् तेल उकळायचं आन् त्यात धातूचा तुकडा टाकायचा. त्याला म्हणायचे रवा. देवासमोर आपलं म्हणणं बोलायचं आन् उघड्या हातानं रवा भायेर काढायचा. परत सील. तिसऱ्या दिशी हात बघायचा. कातडं साबूत, तर माणूस खरा. फोड आले, तर त्याला दिव्य लागलं."

"लागलं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे खोटा ठरला. 'लागलं' हाच शब्द हाय ताई त्याला."

मला तो शब्द टोचला, खोटं कशाला बोलू. पण तेवढंच.

"घाबरू नगा," तात्या हसत म्हणाले, "ह्यात नुसतं पाणी हाय. फोटो झ्याक येतो म्हणून हळद टाकलीय. कोण करतंय दिव्य?"

विट्याचे एक गलाईवाले होते, सोनं आटवायचा धंदा असलेले, लग्नासाठी गावी आलेले. त्यांनी बाही वर केली. "मी बायकोला घाबरत न्हाई!" म्हणून पितळेचा तुकडा काढून दाखवला. त्यांची बायको म्हणाली, "आस्सं? चला घरी!" लय हसले लोक. मग एका आजींनी सुनेच्या नावानं कधी बोटं मोडली नसल्याचं सांगितलं आणि सून खो-खो हसली. दोघंही धडधडीत खोटं बोलले होते आणि कुणाला काही झालं नाही. हे मुद्दाम सांगतेय. मीही रवा काढून बघितला, काही न बोलता. पाणी जेमतेम चार बोटं खोल, आणि गारढोण. बोटं बधिर झाली माझी.

तेवढ्यात दादा पुढं आला. सकाळचा राग गेलेला नव्हताच. माझ्याकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आमच्या बहिणाबाईंना शंका आहे माझ्याबद्दल. आता बघाच. ही आई बसलीय समोर. तिच्या अंगाला मी आयुष्यात कधी वाईट हात लावलेला नाही."

"दादा, पुरे झालं," मी म्हणाले. मला लाज वाटत होती, परक्या माणसांसमोर हे कशाला म्हणून.

त्यानं उजवा हात पाण्यात घातला.

आधी वास आला. कढत्या तुपाचा, दाट. मला वाटलं वर गावात कुणाकडं तरी कढवतायत. मग त्यात केस जळल्याचा वास मिसळला. आणि मग... मटण भांड्याला लागल्यावर येतो ना, तो. दादा ओरडला नाही. त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाजच येत नव्हता. हात बाहेर काढला तेव्हा तो लाल होता, आणि आम्ही बघत असताना, अक्षरशः बघत असताना, त्याच्यावर फोड उठायला लागले. पोळी फुगावी तसे. तळहाताचं कातडं सैल होऊन बोटांवर सरकलं, खालून पिवळसर पाणी ओघळलं आणि रवा त्याच कातड्याला चिकटून राहिला होता.

"पाणी हाय वो! देवाशप्पथ पाणी हाय नुसतं!" तात्यांनी स्वतःचे दोन्ही हात कढईत बुडवले, तेच पाणी तोंडावर मारून घेतलं. त्यांना काहीही झालं नाही.

गलाईवाले जवळ आले, हात बघितला आणि मागं सरकले. "आवं, हे उकळत्या तेलाचं हाय. आमच्या धंद्यात कमी हात भाजलेले न्हाई बघितले मी."

आणि दादा कुठं गेला असेल? बायकोकडं नाही, माझ्याकडं नाही. आईकडं गेला! "आई गं... आई..." करत खुर्चीपुढं गुडघ्यावर बसला. बावन्न वर्षांचा बाप्या. आईनं तो हात मांडीवर घेतला. साडीवर सगळं गळत होतं. तिच्या पोलक्याची बाही वर सरकली, दंड उघडा पडला, आणि ती चार निळी बोटं त्या सोललेल्या हाताच्या अगदी वर... आणि ती त्या हातावर फुंकर घालत होती. हळूहळू, लहान मुलाला घालतात तशी. "थांब हं राजा, थांब हं."

तेव्हा मी ओकले. फोडांनी नाही. फोड मी रोज बघते. त्या फुंकरीनं ओकले. त्यानं हात मागं घेतला नाही, तिच्याकडं बघितलं नाही, नुसता घेत राहिला तिच्याकडून. इतकी किळस मला आयुष्यात कशाची आली नव्हती. आणि सगळ्यांत जास्त माझी. मी लॅबमध्ये परक्या माणसाच्या एका थेंबावरून त्याचा आजार सांगते, आणि माझ्या आईला फोनवर वर्षभर "जपा रे" म्हणत होते.

तरी सवय जात नाही. जायच्या आधी मी माझी पाण्याची बाटली रिकामी करून कढईतलं पाणी भरून घेतलं.

दवाखान्यात ड्रेसिंग करताना सिस्टर वैतागल्या. "तुपाचा वास येतोय! भाजल्यावर तूप कुणी लावलं? किती वेळा सांगायचं असं करू नका म्हणून!" कुणी लावलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उकळतं तेल. भाजल्याची रेघ मनगटाच्या वर होती, चाकूनं आखावी इतकी सरळ. पाणी चार बोटं खोल होतं हो! मनगट बुडालंच नव्हतं!

बाहेर बाकावर वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "आईंना सांगलीला घेऊन जा. आजच."

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. मी उठले. त्या संध्याकाळी आई माझ्याबरोबर सांगलीला आली. तिच्या पिशवीत दोन साड्या आणि गोळ्यांचा डबा होता. दादानं अडवलं नाही.

बाटलीतलं पाणी मी स्वतः तपासलं. मग ओळखीच्या एका केमिस्टकडूनही तपासून घेतलं, कुठून आणलं ते न सांगता. पाणी आणि हळद. ना आम्ल, ना अल्कली, ना तेलाचा अंश. एक डॉक्टर म्हणाले, अपराधाची भावना तीव्र असली की त्वचेवर परिणाम दिसू शकतो. असेल. पण मग तो वास वीस माणसांना कसा आला? सिस्टरना कसा आला? आणि ज्या दोघांनी हसत हसत खोटं सांगितलं, त्यांना का सोडलं? दादाला फोनवर एकदाच विचारलं. "पाणी गरम केलेलं होतं कुणीतरी," म्हणाला, आणि ठेवला. त्याची बोटं आता वाकत नाहीत, असं वहिनींनी कळवलं.

आईच्या दंडावरचे डाग तीन आठवड्यांत गेले. गोळी तीच चालू आहे, मी तिला रोज धरून उठवते, आणि एकही नवा डाग उठलेला नाही. ती एकदाही पडलेली नाही.

तिनं मात्र इतके दिवस त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. परवा दुपारी जेवताना मी धीर करून विचारलं, "आई, खरं सांग. तो मारायचा तुला?"

तिनं ताटातला भात कालवला. वरण घेतलं. मला वाटलं ऐकलंच नाही. मग घास तसाच हातात धरून म्हणाली,

"उजवा हात गेला गं त्याचा. त्याला आता जेवू कोण घालतं?"