बाटलीतला पाणसाप

वैद्यनाथ जाऊन अकरावा दिवस. सकाळपासून जो जे मागेल ते भवानी देत होती. चष्मा धाकट्या दिराने नेला, शर्ट रखवालदाराला गेले, छत्री कुणी उचलली ते तिने पाहिलंही नाही. रडू आलं नव्हतं. शेजारीण कुणाला तरी तमिळमध्ये म्हणाली, "बाई खंबीर आहे हो." भवानीने ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं तसं ऐकलं.

मग नणंदेचं, गंगाबाईंचं, लक्ष कपाटावरच्या बाटलीकडे गेलं.

बाटलीत स्पिरिटमध्ये एक पाणसाप वेटोळं घालून होता. वैद्यनाथ कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मल्लिपट्टिनमच्या खाडीवर कोळ्याच्या जाळ्यात तो त्यांना मेलेला सापडला. इथपासून पार जावा बेटापर्यंतच्या खारट चिखलात राहणारा, मासे खाणारा, डोळे अगदी टाळूवर. शेवटचा गिळलेला मासा अजून पोटात फुगलेला दिसे.

"हाच तो," गंगाबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं घरात सर्पाचं प्रेत! म्हणून तुझ्या लेकीचं, हरिताचं, पोट दोनदा रिकामं झालं. आजच्या आज तूप घालून जाळायचा."

"अक्का, नाग नव्हे तो. मासे खातो."

"मेल्यावर खाणंपिणं विचारतात होय?"

आतून हरिता ओरडली, "आत्या, डॉक्टर थायरॉइड म्हणाले!"

"तुझा डॉक्टर येतोय का अग्नी द्यायला?"

बाकी घरातलं काहीही न्यावं, ही बाटली नको, एवढंच भवानीला कळत होतं. का, ते तिला सांगता आलं नसतं.

"अग्नी कोण देणार? घर सुतकात आहे," ती म्हणाली.

"मी देते. लग्न झालेल्या बहिणीला तीनच दिवस. माझं फिटलं." गंगाबाईंनी पदर खोचलासुद्धा.

"द्या," भवानी म्हणाली. आवाज सपाट होता. "पण आपल्यात सापाला अग्नी देणाऱ्यानेही तीन दिवस धरायचं असतं. परवा तेरावा. तुम्हाला चुलीला हात लावता येणार नाही."

गंगाबाई थबकल्या. वैद्यनाथांना खसखशीचं पायसम अक्काच्याच हातचं लागे. तेराव्याला ते करायचं म्हणून त्यांनी तिरुवैयारूहून खसखस निवडून, धुऊन, वाळवून आणली होती.

"तू कर की."

"माझं पातळ होतं. तेच म्हणायचे."

"होतंच पातळ," गंगाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिल्या. मग खोचलेला पदर सोडवून त्यांनी डोळ्यांना लावला. "भिजत घालते खसखस. ते आत ठेव, माझ्या नजरेआड."

भवानीने बाटली उचलली. स्पिरिट उतरलं होतं, सापाची पाठ वर उघडी पडली होती.

"हरिता, स्पिरिट आणावं लागेल."

"किती गं?"

"ठाऊक नाही," भवानी म्हणाली. "तेच घालायचे."