मिस्त्रीच्या दोन भाषा

आमच्या घरात सगळ्यांचा त्या मिस्त्रीवर जीव होता आणि त्याच्यावरूनच सगळ्यात जास्त भांडणं झाली. मिस्त्री म्हणजे कार्टूनमधला. सायकलला हत्यारांची पेटी बांधून गल्लीबोळांतून फिरायचा, कुणाचा नळ गळतोय, कुणाचा पंखा अडलाय ते हसत हसत दुरुस्त करून द्यायचा. अजून शाळेत न जाणाऱ्या पोरांसाठीची मालिका होती ती. मिस्त्री प्रत्येक वाक्य आधी हिंदीत बोलायचा आणि मग तेच मराठीत. माझ्या भावाने ती शोधून काढली तेव्हा त्याला कोण आनंद झाला. म्हणे, काशीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच कुणीतरी बनवली आहे.

भाचा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि एकही शब्द बोलत नव्हता. रामघाटाच्या पायऱ्यांवर भेटणारी प्रत्येक बाई मला सांगायची, मुलगे उशिराच बोलतात. कुणी मधात वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं, तेही केलं. दादा आणि वहिनी दोघंही बँकेत, त्यामुळे दिवसभर पोरगं माझ्याकडे आणि बाबांकडे असायचं. मी संध्याकाळी गाण्याच्या शिकवण्या घेते. म्हणजे घरात एक गाणं शिकवणारी आणि एक वेद शिकवणारा. आमच्याइतके कान तयार असलेलं घर आख्ख्या मोहल्ल्यात नसेल, असा आमचा तोरा होता.

बाबांकडे बाहेरच्या खोलीत सकाळ-दुपार विद्यार्थी संथेला बसतात. ते एकदा म्हणतात, मुलं दोनदा म्हणतात. आमच्या वेदशाखेत स्वर हातानेही दाखवायचा असतो. आवाज चढला की हात वर, उतरला की हात खाली. भाचा चालायला लागल्यापासून त्या मुलांच्या समोर जाऊन बसायचा आणि त्यांच्याबरोबर हात वर-खाली करायचा. कधी चुकायचा नाही. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. "बोलेल हो सावकाश. कान पाहा त्याचा. माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांनाही अजून इतका स्वर कळत नाही." त्यांची छाती फुगायची. माझीही फुगायची, खोटं कशाला बोलू?

मग प्लेस्कूलच्या मॅडमनी वहिनीला बोलावून सांगितलं, "घर में दो-दो भाषा चलती है, बच्चा कन्फ्यूज हो रहा है. एक ही बोलिए." वहिनी नागपूरची, हुशार आणि ठरवलं की करणारी. तिने ठरवलं, आजपासून पोरासमोर फक्त हिंदी. शाळा हिंदीत, गल्ली हिंदीत, मग घरातच वेगळं कशाला?

बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक रीत होती. नाववाल्याशी, भाजीवाल्याशी, यजमानाशी हिंदी. उंबऱ्याच्या आत मराठी. बाबांची हिंदी कुठल्याही बनारसी माणसाला लाजवेल अशी आहे, पण ती ते चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचे. "माझ्याच घरात माझ्या नातवाशी मी परक्यासारखा बोलू? बिलकुल नाही," ते म्हणाले. वहिनी म्हणाली, "मग बोलू नका, बाबा." रागाच्या भरात म्हणाली ती. पण ते खरंच बोलेनासे झाले. वर्षभर त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं, भरवलं, घाटावर नेलं, आणि एक अक्षर उच्चारलं नाही. मला त्या दोघांचाही इतका संताप यायचा की भांडी आपटून घासायचे.

आता प्रश्न मिस्त्रीचा आला. तो दोन्ही भाषा बोलणार, म्हणजे तो बंद. पण टीव्ही बंद केला की पोरगं जमिनीवर लोळून घर डोक्यावर घ्यायचं. शेवटी वहिनीने तोड काढली: मिस्त्री बघायचा, पण आवाज बंद करून. आम्हाला वाटलं, आता तर जास्तच रडेल. तो रडला नाही. निवांत बसून बघत राहिला. किती समजूतदार आहे, म्हणून आम्ही त्याचं कौतुक केलं.

एका दुपारी मी त्याच्यामागे बसून तांदूळ निवडत होते. टीव्हीवर मिस्त्री शिडीवरून घसरला आणि भाचा खदखदून हसला. हाच भाग आवाजासकट चालायचा तेव्हाही तो इथेच हसायचा. मग मिस्त्रीने तोंड हलवून कुणाकडे तरी पाना मागितला, आणि भाच्याने पूर्वीसारखाच हात पुढे केला. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. म्हणजे आवाज असून-नसून याला काही फरकच पडत नाही? मी उठले, देवघरातून तांब्याचं ताम्हण आणलं, आणि त्याच्या पाठीमागे उभी राहून फरशीवर टाकलं.

बाहेरच्या खोलीतली संथा थांबली. सगळे विद्यार्थी दारातून वळून बघायला लागले. बाबा धावत आले. भाचा मिस्त्रीकडे बघत होता. त्याने मान वळवली नाही.

बाबांनी फरशीवरचं ताम्हण पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. नातवाला उचललं, बाहेर नेऊन विद्यार्थ्यांकडे पाठ करून बसवलं आणि मुलांना म्हणायला सांगितलं. ती बिचारी घाबरून म्हणायला लागली. भाच्याचे हात मांडीत पडलेले. तो भिंतीवरची पाल बघत होता. मग बाबांनी त्याला उचलून मुलांसमोर फिरवून बसवलं. लगेच हात उठला. वर, खाली, बाजूला, एकही चूक नाही. बाबा खाली बसले. "अगं, मी ज्याला कान म्हणत होतो ते डोळे होते," ते मला म्हणाले. सबंध गावाला त्यांनी ते डोळे कान म्हणून दाखवले होते. त्या दिवशी मुलांना त्यांनी लवकर सोडलं.

इस्पितळात एका लहान काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. दोन्ही कानांनी अगदी थोडं ऐकू येतं, बहुधा जन्मापासूनच. यंत्रं लावली तर उपयोग होईल, पण शब्द आत शिरायची जी वर्षं असतात त्यातली बरीच गेली, असं तपासणाऱ्या मुलीने स्वच्छ सांगितलं. वहिनी तिथेच रडली. आम्ही दोन भाषांवरून भांडत होतो आणि पोरापर्यंत एकही पोचत नव्हती.

"आता कुठल्या भाषेत बोलायचं?" बाबांनीच विचारलं.

ती मुलगी म्हणाली की एकच भाषा धरा. बोलायचं शिक्षण इथे हिंदीत मिळेल, शाळाही हिंदीत. एक नीट आली तरी पुष्कळ. तिचं बरोबर होतं की नाही ते मला आजही माहीत नाही. वहिनीने बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी ती धास्तावली होती. बाबा "ठीक है" म्हणाले.

यंत्रं बसवून घरी आल्यावर त्यांनी उंबरा ओलांडला, नातवाला समोर बसवलं, नवीन यंत्राशी तोंड नेलं आणि हिंदीत बोलायला लागले. ये हाथ है. ये नाक है. ये दादाजी हैं. वर्षभर तुंबलेलं सगळं ते बोलत होते, फक्त दुसऱ्या भाषेत. मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. मला ते ऐकवेना.

आता तो पाच वर्षांचा आहे. मोजके शब्द बोलतो, जड, अर्धे नाकातून, पण आम्हाला कळतात. दादा-वहिनीही एकमेकांशी हिंदीतच बोलतात, सवय लागली. मराठी उरली बाबांची आणि माझी, तीही तो आसपास नसताना, हळू आवाजात, चोरी केल्यासारखी.

परवा सकाळी मी कढी करत होते आणि बाबा पाटावर बसून चहा पिता पिता आईच्या कढीशी माझी तुलना करत होते. माझं डोकं फिरलं, मीही तोंड सोडलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही असे मराठीत मोकळे भांडत होतो, मोठमोठ्याने, आणि मजेत. भाचा दारात कधीचा येऊन उभा राहिला होता ते आम्हाला कळलंच नाही. तो बाबांच्या तोंडाकडे बघायचा, मग माझ्या. कपाळाला आठ्या. त्याने कानामागे हात नेला, यंत्र काढलं, हलवून पाहिलं, परत घातलं. आम्ही अजून बोलतच होतो. त्याने ते पुन्हा काढलं आणि बाबांपुढे धरलं.

"खराब," तो म्हणाला.

बाबांनी कप खाली ठेवला. यंत्र घेतलं, धोतराच्या सोग्याने पुसलं, उजेडात उलटंपालटं करून पाहिल्यासारखं केलं आणि त्याच्या कानात बसवलं.

"अब ठीक है, बेटा?" त्यांनी विचारलं.

त्याचा चेहरा खुलला. त्याने मान डोलावली आणि खेळायला गेला.