धबधब्याचं वळण

डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानातून पर्यटकांची बस चालवण्यात त्याची उभी हयात गेली, पण डोंगर काही त्याने धड पाहिला नव्हता. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी; नजर रस्त्यावरून हलली की सगळ्यांचाच कारभार आटोपला. डोंगर त्याला कळायचा तो पाठीमागच्या आवाजांवरून. पुलावर लोक किंचाळायचे, बोगद्यानंतर टाळ्या पिटायचे, आणि चढाच्या शेवटच्या वळणावर अख्खी बस एकदम चिडीचूप व्हायची. तान्ही पोरंसुद्धा. अरुंद वळण ते, तिथे बस थांबवायला सक्त मनाई.

"असतं तरी काय तिथे?" बायको जेवताना विचारायची. आता खुद्द ड्रायव्हरलाच ठाऊक नाही म्हटल्यावर अब्रू ती काय राहिली? "धबधबा," त्याने ठोकून दिलं. पुढे त्या धबधब्यावर इंद्रधनुष्यही चढलं.

तो निवृत्त झाला तशी लेकीने गाडीच्या टपावर तंबू बांधला, आईबापांना आत कोंबलं आणि स्टिअरिंग स्वतःच्या हाती घेतलं. शेजारी बसूनही हा आपला रस्त्याकडेच बघतोय आणि प्रत्येक वळणावर नसलेला ब्रेक दाबतोय.

"बाबा, गाडी मी चालवतेय!" लेक करवादली.

मागून बायकोचं एकच पालुपद, "अहो, धबधबा कधी येणार?"

इतक्या वर्षांची थाप आता उघडी पडणार होती.

शेवटच्या वळणापाशीच, रस्त्याच्या जरा आत, तंबू ठोकायची मोकळी जागा होती. गाडी थांबताच तो उतरला आणि खुंट्या शोधायच्या निमित्ताने डिकीत डोकं खुपसून उभा राहिला. कान मात्र सवयीने मागे. बायको बोलेना. लेकही बोलेना.

शेवटी त्याने मान वर केली. पायथ्यापासून शिखरापर्यंत अख्खा बर्फाचा डोंगर समोर उभा होता, मध्ये आड असं काही नाहीच. शिखर बघायला मान पार मागे टाकावी लागली. खाली नदी दोऱ्याएवढी. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढा थोरला हा, आणि रोज आपल्या खांद्याशी उभा होता!

"धबधबा कुठाय हो?" बायकोने हळूच विचारलं.

तेवढ्यात चढावरून एक बस आली. वळणावर येताच आतला गलका थांबला. सगळी तोंडं काचांना चिकटली. एकटा ड्रायव्हर तेवढा समोरच्या डांबराकडे बघत होता. बस तशीच पुढे निघून गेली.

बायको त्या बसकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

"तुम्हीही असेच जायचात?"

"असाच."

"एकदाही मान नाही वळवलीत?"

"मागे माणसं असायची गं."

तिने घडीची खुर्ची काढली, डोंगराकडे तोंड करून मांडली आणि त्याला दंडाला धरून बसवलं.

"बसा. खुंट्या आम्ही ठोकतो. आणि रस्त्याकडे बघायचं नाही, सांगून ठेवते!"