चाकाखालची लिंबं

शेजाऱ्यांची लाल, दोन सीटांची विलायती गाडी त्यांच्या मुलानं पन्हाळ्याच्या घाटात झाडावर घातली. मुलगा जागीच गेला. भंगारवाला दारात आला, तर शेजाऱ्यांनी त्याला हाकललं आणि गाडी मागच्या परड्यात आणून ठेवली.

तेव्हापासून कधीही जा, माणूस बॉनेटमध्ये वाकलेला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकायचे. दुरुस्त झाली का, असं मी विचारलं, की एकच उत्तर, "आवाज हाय की मास्तर, अजून."

एका खंडेनवमीला गाडी पार नवी दिसत होती. गल्लीतल्या सगळ्या गाड्यांना हार घातले होते. शेजारच्या काकूंनीही पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं, अगदी साफ, कसली खडखड नाही. लिंबं चिरडायला हातभर पुढं घ्यायची, एवढंच राहिलं होतं.

ते स्टिअरिंग धरून नुसते बसले.

"घ्या की पुढं," काकू म्हणाल्या.

त्यांनी इंजिन बंद केलं, उतरून दोन्ही लिंबं उचलली आणि काकूंच्या हातात परत दिली.

दुसऱ्या दिवशी सगळं इंजिन खोलून पोत्यावर मांडलं होतं.

"आवाज हाय की नाही, मास्तर?" त्यांनी मलाच विचारलं.

मी पोत्यावरच्या सुट्ट्या भागांकडं पाहिलं. मागं दारात काकू उभ्या होत्या.

"हाय म्हणा की," त्या हळूच म्हणाल्या.